पेट्रोलवरचे शेकडा पाच

वलगावच्या पेढी नदीवरील पुलावरून परतवाड्याकडे धावणाऱ्या मोटारी आपण नित्य पाहतो. पण त्यांच्या पेट्रोलवरील विक्रीकराचे मूळ आपल्याच जुन्या प्रांतात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळाने पेट्रोल व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसविला. दिल्ली सरकारने हरकत घेतली. हे तर उत्पादनशुल्कच, आणि ते घेण्याचा हक्क आमचा, असा त्याचा दावा! गव्हर्नर-जनरलने हा प्रश्न संघ-न्यायालयाकडे धाडला. न्यायालय नवेच, आणि त्याच्यापुढील हे पहिलेच प्रकरण. सर मॉरिस ग्वायर प्रभृती न्यायाधीशांनी कौल दिला तो प्रांताच्या बाजूने : माल तयार होताना घ्यावयाचा कर निराळा, दुकानात विकताना घ्यावयाचा निराळा.

पुढच्याच वर्षी मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला. १९४७ मध्ये आपल्या प्रांतातही तसा कायदा झाला आणि पंपवाल्याची कटकट मोठ्या उलाढालीच्या किराणा-कापडवाल्यांच्या गादीवर येऊन बसली. लक्ष्मीपूजनात हळदकुंकू वाहावयाची चोपडी सरकारी साहेबासही दाखवावयाची झाली! दिवाणजी बिचारा तेव्हापासून सरकारचा बिनपगारी कारकून बनला, असे मला वाटते.

१ जुलै २०१७ पासून जीएसटीने बहुतेक मालावरील राज्यांचा विक्रीकर गिळला. पेट्रोल मात्र त्याबाहेरच राहिले. त्याच्या विक्रीवर राज्य आजही आपला निराळा कर घेते.