मानक शिक्षकाचे : विशेष शिक्षणाच्या पदवीची वाटचाल

आपण ज्या वसाहतीत राहतो तिच्या नावातच 'मानक' हा शब्द आहे. १९३० साली सिमल्याला सुरू झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ साली लखनौत स्थापन झालेले रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर ही दोन्ही १९५७ मध्ये एकत्र आली आणि आरडीएसओचा जन्म झाला. रूळ असो, डबा असो की सिग्नल, आधी मानक ठरते, मग चाचणी होते आणि त्यानंतरच वस्तू लाईनवर जाते, हे इथल्या मंडळींना सांगायला नको.

पण माणसाच्या कामालाही मानक लागते. ज्या मुलाला दिसत नाही, ज्या मुलीला ऐकू येत नाही किंवा ज्याची समज वयाच्या मानाने हळू वाढते, अशा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाला नेमके काय यायला हवे? हे कोणी ठरवायचे आणि त्याला पदवी कोणी द्यायची? या प्रश्नाचे उत्तर मिळायला आपल्या देशाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या उत्तराचा एक भाग आपल्यापासून फार लांब नाही. मोहान रोडवरच्या विद्यापीठाची पाटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यामागचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

लखनौतील एक मराठी उदाहरण

लखनौला बसून अभ्यासक्रम बांधण्याच्या कामात एका मराठी माणसाने पूर्वीच मोठा वाटा उचललेला आहे. पेशाने वकील असलेल्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा वाहिली. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून मिळणारी विद्या वर्गात आणायची, तर स्वरलिपी, पायरीपायरीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी लागतात, हे पंडितजींनी ओळखले होते.

विशेष शिक्षणाची स्थिती त्या काळी संगीतासारखीच होती. विद्या होती, पण ती चार-दोन संस्थांच्या भिंतीआड होती. तिथे काम करता करता जो शिकला तो शिक्षक झाला.

शाळा आधी, शिक्षक नंतर

मुंबईत माझगावला कर्णबधिर मुलांची शाळा १८८०च्या दशकात निघाली. अंध मुलांसाठी पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला मिस ॲनी शार्प यांनी काढली. १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुंबईत अंधशाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. १८९३ मध्ये कलकत्त्याला मूकबधिर विद्यालय स्थापन झाले. तिथल्या जामिनीनाथ बॅनर्जी यांना शिकवण्याची पद्धत समजून घेण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेपर्यंत जावे लागले, कारण ती शिकवणारे कोणी देशात नव्हते.

साधनांचीही तीच गत होती. ब्रेल लिपी आपल्याकडे आली खरी, पण निरनिराळ्या भागांत निरनिराळे संकेत वापरले जात. एका प्रांतात वाचायला शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतातले पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. १९५१ साली 'भारती ब्रेल' ठरली आणि सर्व भारतीय भाषांना सहा ठिपक्यांची एक सामायिक पद्धत मिळाली. मराठीतला 'क' आणि बंगालीतला 'क' अंध वाचकाच्या बोटाखाली आता सारखाच लागतो. मानक ठरल्याने माणसाचे काय भले होते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ज्यांना पूर्वी 'मतिमंद' म्हणत आणि आज आपण बौद्धिक अक्षम म्हणतो, त्या मुलांचा विचार सर्वांत उशिरा झाला. १९४४ मध्ये मुंबईच्या वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने स्वतःच्या घरी वर्ग सुरू केला. त्यातूनच जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी 'कामायनी' काढली. अशा संस्था पालकांच्या तळमळीतून उभ्या राहिल्या, यात शंका नाही. पण तळमळ असलेला शिक्षक आणि प्रशिक्षण घेतलेला शिक्षक यांत फरक असतो. आपल्या मुलाला कोणाच्या हाती सोपवतो आहोत, हे पारखण्याचे कोणतेही साधन त्या काळच्या आईवडिलांपाशी नव्हते.

परिषद आणि कायदा

१९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याची 'एकात्मिक शिक्षण योजना' आणली. मुले शाळेत आणायची तर शिकवणारेही हवेत, हे लवकरच ध्यानात आले. त्यानंतर राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. १९८३ साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची कर्णबधिरांसाठीची संस्था आणि १९८४ साली सिकंदराबादला बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीची संस्था स्थापन झाली. दृष्टिहीनांसाठीच्या डेहराडूनच्या संस्थेची मुळे तर दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९४३ मध्ये काढलेल्या वसतिगृहापर्यंत जातात. या संस्थांनी पदविका आणि पदवीचे वर्ग चालवले. महर्षी कर्व्यांच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाने जुहूच्या आवारात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग चालवला आणि अनेक मराठी मुली या क्षेत्रात आल्या.

तरीही प्रत्येक संस्थेचा अभ्यासक्रम वेगळा आणि मुदत वेगळी. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९८६ साली भारतीय पुनर्वास परिषद नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. पण संस्था सल्ला देऊ शकते, सक्ती करू शकत नाही. म्हणून संसदेने १९९२ मध्ये कायदा केला आणि जून १९९३ पासून परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. अभ्यासक्रमाला मान्यता परिषदेची, आणि उत्तीर्ण झालेल्याचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. डॉक्टरला जशी नोंदणी, तशी या शिक्षकालाही.

हा शिक्षक शिकतो तरी काय?

'विशेष बी.एड. म्हणजे साधे बी.एड.च, थोडी दया जास्त,' असा समज आजही ऐकू येतो. तो अगदी चुकीचा आहे. पूर्वी एक वर्षाचा असलेला हा पदवी अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. विद्यार्थ्याला सर्व प्रकारच्या अक्षमतांची ओळख करून दिली जाते आणि एका प्रकारात विशेष प्रावीण्य मिळवावे लागते.

दृष्टिहीनांचा शिक्षक ब्रेल वाचायला व लिहायला शिकतो. टेलर पाटीवर आणि ॲबॅकसवर गणित करायला शिकतो, पांढरी काठी घेऊन स्वतंत्रपणे कसे हिंडायचे तेही शिकतो. कर्णबधिरांच्या शिक्षकाला श्रवणालेख वाचता यावा लागतो, श्रवणयंत्राची देखभाल यावी लागते, आणि ज्या मुलाने भाषा कानाने कधी ऐकलेलीच नाही त्याच्यात ती रुजवायची कशी, हे जमावे लागते. बौद्धिक अक्षम मुलांचा शिक्षक शर्टाची गुंडी लावण्यासारख्या साध्या कामाचे दहा-बारा टप्पे पाडतो आणि एकेक टप्पा शिकवतो. प्रत्येक मुलासाठी वेगळा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करतो. यासोबत विशेष शाळेत व सर्वसाधारण शाळेत प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. हे कसब आहे, आणि ते शिकावेच लागते.

मोहान रोडचे विद्यापीठ

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने अशा शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली. उत्तर प्रदेशात प्रयागराजच्या राजर्षी टंडन मुक्त विद्यापीठाने आणि शेजारी भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाने विशेष बी.एड. चालवले. नोकरी सांभाळून पदवी घेण्याची सोय त्यामुळे झाली.

२००८ साली लखनौत डॉ. शकुंतला मिश्रा यांच्या नावाने राज्य सरकारने विद्यापीठच स्थापन केले. आज ते राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. दृष्टी, श्रवण आणि बौद्धिक अक्षमता या विषयांत तिथे विशेष बी.एड. शिकवले जाते. प्रवेशाच्या निम्म्या जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. म्हणजे ज्याच्यासाठी शिक्षक हवा होता तोच आता शिक्षक होऊ शकतो. मिस शार्प यांच्या काळापासून पाहता हे अंतर फार मोठे आहे.

मानक झाले, पण जागा?

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. पण इथेच खरी अडचण आली. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत सर्वाधिक ४१ लाख ५७ हजार उत्तर प्रदेशात आणि त्याखालोखाल २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. आपल्या कर्मभूमीत आणि जन्मभूमीत मिळून देशातले एक चतुर्थांशाहून अधिक. पदवी घेतलेले शिक्षक तयार होत होते, परंतु सर्वसाधारण शाळांत त्यांच्यासाठी कायमची मंजूर पदे जवळजवळ नव्हतीच. कंत्राटावर नेमायचे, एका शिक्षकाने अनेक शाळांत फिरायचे, असा खाक्या होता. ड्रॉइंग मंजूर आहे, माल तयार आहे, पण इंडेंटच निघत नाही, अशी गत!

२०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने अक्षमतांचे प्रकार सातावरून एकवीस केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना त्यात स्थान मिळाले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या प्रशिक्षित विशेष शिक्षकांची रजनीश कुमार पांडे या नावाने ओळखली जाणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. केंद्राने निकष ठरवेपर्यंत मेंदूचा पक्षाघात असलेल्या ८ मुलांमागे एक, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व अध्ययन अक्षमता असलेल्या ५ मुलांमागे एक आणि बहुविकलांग २ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे प्रमाण त्यात दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिकसाठी १० मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांसाठी १५ मुलांमागे एक असे निकष अधिसूचित केले. तरीही राज्यांनी पदे निर्माण केली नाहीत, म्हणून ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की, राज्यांनी तीन आठवड्यांत पदांची संख्या जाहीर करावी आणि भरती सुरू करावी.

१९९३ ते २०२५. शिक्षकाचे मानक ठरल्यापासून त्याच्यासाठी जागा काढा असे बजावण्यापर्यंत ३२ वर्षे गेली. त्या काळात पहिलीत जाऊ शकली असती अशी मुले आज संसाराला लागण्याच्या वयाची आहेत. त्यांचे राहिलेले शिक्षण कोणत्याही आदेशाने परत मिळणार नाही.

आपल्यापुरते

आपल्या मंडळींच्या बदल्या होत असतात. नव्या गावी घर मिळते, गॅस मिळतो, पण विशेष गरजा असलेल्या मुलाला योग्य शिक्षक मिळेल की नाही, ही काळजी ज्या घरात आहे त्याच घराला कळते. अशा पालकांनी शाळेत 'विशेष शिक्षक आहेत का' एवढेच न विचारता 'त्यांची पुनर्वास परिषदेची नोंदणी कोणत्या अक्षमतेसाठी आहे' हेही विचारावे. तो आपला हक्क आहे.

आणि आपल्या घरातील जी मुले-मुली पदवीनंतर काय करावे या विचारात आहेत, त्यांनी या शिक्षणक्रमाकडे जरूर पाहावे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेतील त्याच अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे ना, याची खात्री करून घ्यावी. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही. नव्या शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकांसाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी ठरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, तेही ध्यानात असू द्यावे. पदांसाठी अजून झगडावे लागते आहे, हे खरे. पण मानकाचे काम करणाऱ्या या वसाहतीला ठाऊक आहे की, मंजूर झालेली गोष्ट लाईनवर येईपर्यंत कोणीतरी पाठपुरावा करावाच लागतो. विद्येच्या या दैवताचा उत्सव साजरा करताना, शिकण्यासाठी ज्यांना अधिक हात लागतात त्या मुलांच्या बाजूने हा पाठपुरावा आपणही करू या.

गणपती बाप्पा मोरया!