नाव कोण घेणार? सोल संगीत, रेडिओ आणि एक तासाचा कार्यक्रम

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तुम्ही स्वतः रेडिओवर कार्यक्रम करता, मग त्याचा इतिहास कधी सांगणार? तर आज तो सांगायचा विचार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही दोघं मित्र अमेरिकेत राहतो आणि तिथल्या एका छोट्या इंटरनेट रेडिओ केंद्रावर आठवड्यातून एक तास जुनं सोल संगीत लावतो. जुनं म्हणजे साधारण 1955 ते 1975 या काळातलं. सोल म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं आणि बाहेरच्या नाचगाण्यातलं रिदम अँड ब्लूज, या दोहोंच्या मिलाफातून जे तयार झालं ते सोल. रे चार्ल्सनं 1954च्या नोव्हेंबरात अटलांटामध्ये ‘आय गॉट अ वुमन’ रेकॉर्ड केलं, तिथून या मिलाफाची सुरुवात बरेच जण धरतात. आणि गंमत बघा, ते रेकॉर्डिंग झालं एका रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत!

कार्यक्रम सुरू करून काही महिनेच झाले होते. टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ लावलं. आम्ही सांगितलं, ‘गायक टेम्प्टेशन्स, साल 1964’ आणि पुढं गेलो. एका श्रोत्यानं विचारलं, ‘गाण्याच्या सुरुवातीला जी बेस गिटार वाजते, ती कोण वाजवतंय?’ आम्हाला उत्तर देता आलं नाही. वीस-वीस वर्षं ते गाणं ऐकलेली आम्ही माणसं, आणि त्यातलं पहिलं वाद्य कोणाचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटली. आजचं व्याख्यान त्या लाजेतून निघालंय असं समजा.

आता मागं जाऊया, 1948 सालात. अमेरिकेच्या दक्षिणेत मेम्फिस नावाचं शहर. तिथं डब्ल्यूडीआयए नावाचं रेडिओ केंद्र होतं, मालक दोघं गोरे. केंद्र काही चालत नव्हतं. शहरात कृष्णवर्णीय वस्ती मोठी, पण त्यांच्यासाठी रेडिओवर जवळजवळ काहीच नाही. मग मालकांनी एक धाडस केलं. 25 ऑक्टोबर 1948 रोजी नॅट विल्यम्स यांना माइकसमोर बसवलं. हे विल्यम्स कोण? कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर! वर्तमानपत्रात सदरही लिहायचे. म्हणजे या सगळ्या परंपरेच्या उगमापाशी एक इतिहासाचा शिक्षक बसलाय, आणि याचं आम्हाला फार अप्रूप आहे.

कार्यक्रम इतका चालला की वर्षभरात केंद्राचे सगळेच कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी होऊ लागले. पुढं जगप्रसिद्ध झालेले बी. बी. किंग तिथं निवेदक होते. रूफस थॉमसही होते. ते कापडगिरणीत नोकरी करायचे आणि रेडिओवरही बोलायचे. 1954मध्ये केंद्राची शक्ती 50 हजार वॉटपर्यंत गेली आणि तो आवाज दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात दूरवर पोचला. 1960मध्ये याच रूफस थॉमस यांनी मुलगी कार्ला हिच्याबरोबर एक गाणं रेकॉर्ड केलं. ते ज्या छोट्या कंपनीनं काढलं, तीच पुढं स्टॅक्स म्हणून नावारूपाला आली.

मेम्फिसमध्ये आवाज कृष्णवर्णीयांचा होता, मालकी मात्र गोऱ्यांची. मालकीची पायरी 1949मध्ये अटलांटात ओलांडली गेली. जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय हिशेबनिसानं डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतलं. कृष्णवर्णीय मालकाचं अमेरिकेतलं ते पहिलं केंद्र.

हे निवेदक फक्त गाणी लावत नव्हते, बरं का. आज सभा कुठं आहे, मतदार नोंदणी कुठं चाललीय, कुणाचं मूल हरवलंय, हे सगळं त्यांच्या तोंडून लोकांना कळायचं. आपल्याकडे खेड्यात दवंडी पिटणारा असायचा, तसंच काहीसं. ऑगस्ट 1967मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी अटलांटात कृष्णवर्णीय निवेदकांच्या संघटनेपुढं भाषण केलं आणि नागरी हक्कांच्या चळवळीत तुमचा वाटा मोठा आहे, हे त्यांना आवर्जून सांगितलं. पुढच्याच एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाली, तीही मेम्फिसमध्ये. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस शहराशहरांत वणवा पेटला होता. त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये पीटी ग्रीन यांच्यासारखे निवेदक माइकवर बसून लोकांना घरी जा म्हणून विनवत होते. लोक त्यांचं ऐकायचे, कारण रोज घरात येणारा तो ओळखीचा आवाज होता.

आता आमच्या त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. हा सगळा काळ निवेदक गायकाचं नाव घेत होता. मग वादकाचं नाव का नाही? कारण ते तबकडीवरच नव्हतं.

1959मध्ये बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन डेट्रॉइटमध्ये जी कंपनी सुरू केली तिचं नाव मोटाउन. एका राहत्या घरात स्टुडिओ. गायक बदलायचे, पण मागं वाजवणारा संच बहुतेक तोच असायचा. त्या मंडळींना फंक ब्रदर्स म्हणायचे. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस, जो मेसिना. आणि बेस गिटारवर जेम्स जेमरसन. ‘माय गर्ल’च्या सुरुवातीचे ते ठोके जेमरसन यांचे, आणि त्यावर चढत जाणारी गिटार रॉबर्ट व्हाइट यांची. मोटाउनच्या तबकडीवर या संचाची नावं पहिल्यांदा नीट छापली गेली ती 1971मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. म्हणजे बारा वर्षांनी! ड्रमर बेनी बेंजामिन तोवर वारलेही होते. 1972मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला हलली आणि डेट्रॉइटचा संच विखुरला. जेमरसन 1983मध्ये गेले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं 2000मध्ये.

आपल्याला यात परकं काही वाटायला नको. 1949च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं, ‘कामिनी’. आणि मुंबईच्या चित्रपट संगीतात ज्यांनी वाद्यमेळ उभे केले त्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींची नावं किती वर्षं सामान्य श्रोत्याला ठाऊक नव्हती? गायकाचं नाव निदान पुढं आलं, वादकांचं त्यामानानं फार उशिरा.

नाव न सांगण्याचा दुसरा एक प्रकार इंग्लंडात घडला, तोही बघण्यासारखा आहे. 1970च्या दशकात उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत रात्रभर सोलवर नाचायचं वेड आलं. विगन कसिनो हा त्यातला गाजलेला हॉल, 1973 ते 1981. तिथं मान होता तो कुणीच न ऐकलेल्या, न खपलेल्या अमेरिकन तबकड्यांना. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून तबकडी लावणारे लेबलावर कागद चिकटवायचे आणि खोटं नाव सांगायचे. फ्रँक विल्सन यांचं 1965चं एक गाणं असंच ‘एडी फॉस्टर’ या नावानं वाजलं. त्या तबकडीच्या एक-दोनच प्रती उरल्याचं मानलं जायचं. 2009मध्ये त्यातली एक 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. आता याला नावं ठेवणं सोपं आहे, पण हेही खरं की त्या वेड्या लोकांमुळंच शेकडो गाणी कचऱ्यातून वाचली.

मग आलं इंटरनेट. 7 नोव्हेंबर 1994 रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्रानं आपलं प्रसारण इंटरनेटवर सोडलं. अशा पहिल्यावहिल्या केंद्रांमध्ये त्याचं नाव घेतात. ना मनोरा, ना वॉट. घरातल्या टेबलावरून जगभर ऐकू जाईल असा कार्यक्रम करणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं.

पण कायदाही मागोमाग आला. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ गाणं वाजवतो तेव्हा गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला नाही. आजही नाही. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं लिहिलं ओटिस रेडिंग यांनी आणि घराघरात नेलं अरीथा फ्रँकलिन यांनी, 1967मध्ये. ते एफएमवर जितक्या वेळा वाजलं, तितक्या वेळा गाण्याबद्दल अरीथांना मिळाले शून्य डॉलर.

1995 आणि 1998च्या कायद्यांनी डिजिटल प्रसारणासाठी हे बदललं. त्यात निम्मे पैसे रेकॉर्डच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकाराला आणि 5 टक्के मागच्या वादक-गायकांसाठी. पाच टक्के थोडे वाटतील, पण जेमरसन यांच्यासारख्यांसाठी रकाना तरी तयार झाला. त्याबरोबर नियमही आले. तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त नाहीत. कुठलं गाणं कधी लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. आणि गाणं वाजत असताना गाण्याचं, अल्बमचं आणि मुख्य कलाकाराचं नाव श्रोत्याला पडद्यावर दिसलं पाहिजे. नाव सांगणं हे कायद्याचं कलम झालं!

पैशाचा ताण छोट्या केंद्रांवर आला. 2007मध्ये ठरलेले दर असे होते: 2006साठी दर गाण्यामागं, दर श्रोत्यामागं 0.0008 डॉलर, आणि 2010पर्यंत 0.0019. आकडा चिमुकला दिसतो. पण 100 श्रोते आणि तासाला 18 गाणी धरा. 2010च्या दरानं तासाला साधारण साडेतीन डॉलर आणि चोवीस तास चालणाऱ्या केंद्राला महिन्याला अडीच हजारांच्या घरात. जाहिरात नसलेल्या हौशी माणसानं कुठून आणायचे? 26 जून 2007 रोजी अनेक इंटरनेट केंद्रांनी निषेध म्हणून दिवसभर प्रसारण बंद ठेवलं. नंतर वाटाघाटी होऊन छोट्यांना सवलतीचे दर मिळाले.

आणि या सगळ्यात एक मोठं भोक राहून गेलं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण फक्त 15 फेब्रुवारी 1972पासूनच्या ध्वनिमुद्रणांना होतं. म्हणजे आमच्या कार्यक्रमातली जवळजवळ सगळी गाणी बाहेर! ओटिस, सॅम कुक, मोटाउनची पहिली तेरा वर्षं, सगळं. डिजिटल रॉयल्टी देणं या गाण्यांसाठी बंधनकारकच नाही, अशी भूमिका काही मोठ्या सेवांनी घेतली. मोटाउनच्या गायिका मार्था रीव्ह्ज यांच्यासारखी वयोवृद्ध मंडळी यासाठी झगडली. 2014मध्ये जे विधेयक आलं त्याचं नावच ‘रिस्पेक्ट’ ठेवलं होतं. ते बारगळलं. शेवटी 11 ऑक्टोबर 2018 रोजी नव्या कायद्यावर सही झाली आणि 1972च्या आधीच्या कलाकारांनाही डिजिटल प्रसारणाचे पैसे लागू झाले. अरीथा त्याच्या दोन महिने आधी, 16 ऑगस्टला गेल्या होत्या.

आता आम्हाला एका तासात काय करता येतं ते सांगतो. त्या काळची गाणी पावणेतीन मिनिटांची. अठरा गाणी लावली की पन्नास मिनिटं गेली. उरलेली दहा मिनिटं अठरांत वाटली तर एका गाण्याला साधारण पस्तीस सेकंद येतात. पूर्वी ती पस्तीस सेकंदं आम्ही स्वतःच्या आवडीनिवडी सांगण्यात घालवायचो. (हशा) आता आठवडाभर आधी बसतो, हे गाणं कुठल्या स्टुडिओतलं, मागं कोण वाजवतंय, लिहिलंय कोणी, हे शोधतो. खात्री झाली तर नाव घेतो. नाही झाली तर अंदाजानं कुणाचं नाव ठोकून देत नाही, कारण चुकीचं नाव घेणं म्हणजे ज्यानं वाजवलं त्याच्यावर दुसऱ्यांदा कागद चिकटवणं.

कुणी म्हणेल, संगणक आता स्वतःच गाण्यामागून गाणं लावतो, तुमची गरज काय? प्रश्न रास्त आहे. पडद्यावर मुख्य कलाकाराचं नाव तो आमच्यापेक्षा अचूक दाखवतो. पण कायद्याची यादी मुख्य कलाकारापाशी थांबते. त्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसाचं नाव घ्यायला अजून तरी कुणीतरी माइकसमोर बसावं लागतं. मेम्फिसच्या त्या इतिहासाच्या मास्तरांनी सुरू केलेलं काम आम्ही आठवड्यातून एक तास, जमेल तसं पुढं नेतोय.

त्या श्रोत्याला आम्ही पुढच्याच आठवड्यात उत्तर दिलं. ‘माय गर्ल’ पुन्हा लावलं आणि सुरुवातीला सांगितलं: बेस गिटार जेम्स जेमरसन, गिटार रॉबर्ट व्हाइट. तेव्हापासून ते गाणं आम्ही या दोन नावांशिवाय लावलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊया.