महाराष्ट्रातील स्त्रियांचे सौंदर्योपचार (विसाव्या शतकाचा पूर्वार्ध)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील स्त्रियांच्या त्वचेची व केसांची निगा मुख्यत्वे घरातच राखली जात असे. त्यासाठी स्वयंपाकघरातील व रानातील पदार्थ वापरले जात आणि उपचारांची वेळ बहुधा सणवार व संस्कारांवरून ठरे. उटणे, शिकेकाई, खोबरेल तेल, हळद, काजळ व कुंकू ही त्यांची प्रमुख साधने होत. या उपचारांचा अधिकार सर्व स्त्रियांना सारखा नव्हता. सवाष्णीसाठी ते सौभाग्याचे कर्तव्य मानले जात, तर विधवेला त्यांपैकी बहुतेक निषिद्ध होते. १९५० पर्यंतच्या काळात हा निर्बंध हळूहळू सैल झाला आणि घरगुती साधनांशेजारी साबण, स्नो व सुगंधी तेल यांसारखा तयार माल आला.

त्वचेची निगा

अंगाला तेल चोळून त्यावर उटणे लावण्याच्या क्रियेस अभ्यंग म्हणतात. उटण्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या व संत्र्याची वाळवलेली साल यांचे चूर्ण असे. रोजच्या वापरासाठी डाळीचे पीठ व दुधाची साय पुरेशी समजली जाई. नरकचतुर्दशीचे पहाटेचे स्नान, लग्नातील हळद आणि बाळंतिणीचे तेल-न्हाणे हे अभ्यंगाचे ठरलेले प्रसंग होते. टाचा घासण्यासाठी वजरी वापरत. हातापायांवर मेंदी लावत, तर कपाळ, हनुवटी व हातांवर गोंदण करून घेण्याची प्रथा अनेक जातीजमातींत होती.

काजळ घरीच धरले जाई. एरंडेल तेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे उपडे ठेवत आणि त्यावर जमलेली काजळी साजूक तुपात खलत. सुरमा हा याहून वेगळा पदार्थ असून तो पारंपरिकरीत्या शिशाच्या खनिजापासून बनतो. कुंकू हळदीपासून तयार होई. हळकुंडांवर लिंबाचा रस व सवागी (टाकणखार) यांची प्रक्रिया केली की त्यांचा पिवळा रंग लाल होतो. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. कोरडे कुंकू टिकावे म्हणून कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावत. मेण, कुंकवाचा करंडा, फणी व आरसा ही सामग्री फणेरपेटीत ठेवली जाई.

केसांची निगा

केस धुण्यासाठी शिकेकाई, रिठा व आवळकाठी एकत्र उकळून गाळलेले पाणी वापरत. शिकेकाई व रिठा यांतील सॅपोनिन या घटकामुळे फेस येतो. शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असल्याने क्षारयुक्त साबणाप्रमाणे केस राठ होत नाहीत. जिथे शिकेकाई परवडत नसे तिथे चिकणमाती, ताक किंवा डाळीचे पीठ यांवर भागवले जाई. सह्याद्रीच्या रानात शिकेकाईच्या काटेरी वेली वाढतात. बदलापूर, मुरबाड, कर्जत या पट्ट्यातील ठाकूर व कातकरी कुटुंबांसाठी शिकेकाई, हिरडा आदी वनोपज गोळा करणे हे उपजीविकेचे एक साधन होते. शहरी स्त्रीच्या न्हाण्यामागे अशा प्रकारे रानातील स्त्रीचे श्रम असत.

खोबरेल तेलात माका, ब्राह्मी, आवळा किंवा जास्वंदीची फुले उकळून केशतेल बनवत. न्हाल्यावर ओल्या केसांना उदाची धुरी देत. केस मोकळे सोडणे अशुभ मानले जात असल्याने अंबाडा, खोपा किंवा वेणी घालून त्यावर फुले माळत. मासिक पाळीच्या चौथ्या दिवशीचे डोक्यावरून न्हाणे हा शुद्धीचा विधी होता, त्यामुळे केस धुण्याची वेळ स्त्रीच्या सोयीवर अवलंबून नसे.

वैधव्य आणि केशवपन

ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय समाजांत पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे केशवपन केले जाई. तिला तांबडे अलवण नेसावे लागे. कुंकू, फुले व बांगड्या वर्ज्य होत. या प्रथेविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा झाली व तीत विधवांचे केस न कापण्याचा निर्धार करण्यात आला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला. आश्रमाच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले यांचे केशवपन झालेले होते. पुढे त्यांनी स्वतः केस वाढवले. केस राखणे ही या स्त्रियांसाठी सौंदर्याआधी मानवी प्रतिष्ठेची बाब होती.

तयार प्रसाधनांचे आगमन

शतकाच्या आरंभी हेझलीन स्नोसारखी विलायती मलमे शहरांतील सधन घरांत पोहोचली. स्नो हे स्टिअरिक आम्ल, अल्कली व पाणी यांचे पायस असून चोळल्यावर ते त्वचेत दिसेनासे होते. १९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणला. म्हैसूर संस्थानात चंदनाचा साबण तयार होऊ लागला. गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांचा साबण काढला. स्वदेशीच्या वातावरणात आणि चरबीचा विटाळ मानणाऱ्या घरांत ही बाब महत्त्वाची ठरली. मुंबईच्या कामिनिया तेलासारख्या केशतेलांच्या जाहिराती नियतकालिकांत छापून येत. १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकाने स्त्रियांच्या राहणीविषयीच्या चर्चेला व्यासपीठ दिले.

रंगभूमी व चित्रपट यांनी नवे आदर्श पुरवले. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व यांच्या वेशभूषेचे व केशरचनेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करत. १९४१ मध्ये लीला चिटणीस या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या.

परिणाम

तयार मालामुळे कुटण्या-उकळण्याचे श्रम कमी झाले व प्रसाधन सणावारापुरते न राहता रोजचे झाले. मात्र स्नो व पावडरीच्या प्रसाराने गोरेपणाच्या आधीपासूनच्या आकर्षणाला बाजाराचे बळ मिळाले. घरगुती उटण्यातील घटक वापरणारीला ठाऊक असत. बाटलीतील घटकांवर मात्र या काळात विशेष कायदेशीर नियंत्रण नव्हते. १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या दुरुस्तीने आली. उटणे व शिकेकाई यांचा वापर आजही, विशेषतः दिवाळीत, टिकून आहे.