वीज सहकारी संस्था कशी चालते? मुळा-प्रवरा ते आपली सोसायटी

दूध, साखर सहकारी असू शकते, मग वीज का नाही? असू शकते. महाराष्ट्रात ती होतीही. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि त्याच्या मदतीने देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. त्यातली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, दुसरी बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरी. अशी संस्था वीज घाऊक विकत घेते, सभासदांना पुरवते आणि बिल वसूल करते.

खरी मेख वसुलीत आहे. मुळा-प्रवराच्या भागात शेतीपंप भरपूर, आणि राज्यात पंपांचं बिल वर्षानुवर्षं मीटरऐवजी अश्वशक्तीवर निघायचं. जे मोजलंच नाही, त्याचा हिशेब कोण देणार? थकबाकी 2,000 कोटींच्या वर गेली आणि फेब्रुवारी 2011 पासून तिथलं वितरण महावितरणकडे आलं. हुक्केरीची संस्था मात्र टिकली.

मी राहतो त्या बेलपाड्यात वीजवितरणाची संस्था काढणं व्यवहार्य नाही. पण हाउसिंग सोसायटी ही नोंदणीकृत सहकारी संस्थाच आहे, आणि लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्यासाठी तिचा स्वतःचा मीटर असतो. सुरुवात तिथून करा. आधी बारा महिन्यांची बिलं काढून युनिट एका शीटमध्ये भरा.

समजा जिन्यात आणि पार्किंगमध्ये 60 जुन्या ट्यूब आहेत. चोकसकट एक साधारण 50 वॅट खाते, एलईडी 20. रात्रीचे 12 तास धरले तर रोज 21.6 युनिट वाचतात. एक किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. म्हणजे नुसत्या ट्यूब बदलून पाच किलोवॅटचे पॅनेल वाचले! व्हेंडर हे सांगणार नाही, त्याला पॅनेल विकायचेत.

त्यानंतर सोलर. एका किलोवॅटला अंदाजे 100 चौरस फूट सावलीविना गच्ची लागते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्यांचे पैसे कमी दराने मिळतात. म्हणून गच्ची रिकामी आहे म्हणून पॅनेल भरू नका, सामायिक वापराएवढेच घ्या.

सर्वसाधारण सभेत भांडण होतं ते मात्र वॉटरप्रूफिंगवरून. वरच्या मजल्याला गळती लागली तर खर्च कोणाचा, हे ठरावात आधीच लिहून घ्या. आणि दर महिन्याचे युनिट नोटीस बोर्डावर लावा, नुसते रुपये नकोत. दर वाढला की रुपये वाढतात आणि बचत झालीच नाही असं लोकांना वाटतं.