लीज आणि लायसन्स

१. लीज, लायसन्स : हे दोन्ही शब्द दुसऱ्याच्या जागेच्या वापराविषयी असले, तरी ते समानार्थी नाहीत. लीज, म्हणजे भाडेपट्टा, यात १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५नुसार जागेच्या उपभोगाचा हक्कच मोबदला घेऊन हस्तांतरित होतो. त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२मधील लायसन्स, म्हणजे अनुज्ञप्ती, ही मात्र निव्वळ परवानगी असून तिने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणूनच मालकाने जागा विकल्यास नवा मालक अनुज्ञप्तीने बांधला जात नाही. तथापि दस्तात कोणता शब्द योजला आहे, एवढ्यावर निर्णय ठरत नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिलेल्या खोल्यांच्या दस्तात लायसन्स हा शब्द असूनही, सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात पक्षकारांचा हेतू व व्यवहाराचे खरे स्वरूप पाहून बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. महाराष्ट्रात रूढ असलेला ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार अनुज्ञप्तीचाच प्रकार असल्याने, त्याला सरसकट ‘भाडेकरार’ म्हटल्यास राहणाऱ्याच्या हक्कांविषयी गैरसमज होतो.