क्रीडा-इतिहासाची मंडळे आणि स्थानिक नोंदींचा प्रश्न : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला महाराष्ट्रात दीर्घ परंपरा आहे. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली आणि गावोगावची दप्तरे, वतनपत्रे, महजर व शकावल्या गोळा करण्याच्या कार्याला संघटित रूप प्राप्त झाले. या मंडळाच्या कामात सहभागी होणारे सर्वच जण व्यवसायाने इतिहासकार नव्हते. वकील, शिक्षक, इनामदार, कारकून अशी मंडळी स्वतःच्या आवडीपोटी कागद शोधीत होती, वाचीत होती व मंडळाच्या सभेत त्यांचे टिपण सादर करीत होती. 'मंडळ' ही संस्था म्हणजे हौस आणि शास्त्र यांना जोडणारा दुवा होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु या परंपरेत खेळाच्या इतिहासाला मात्र फारसे स्थान मिळाले नाही. किल्ला, मंदिर, शिलालेख, संतचरित्र, स्वातंत्र्यलढा हे स्थानिक इतिहासाचे मान्य विषय ठरले. तालीम, आखाडा, शाळेचे मैदान व जत्रेतील कुस्त्यांचा फड हे विषय करमणुकीच्या सदरात गेले. प्रस्तुत लेखात क्रीडा-इतिहासाच्या हौशी मंडळांनी इतरत्र केलेल्या कार्याचा आढावा घेऊन, त्या प्रकाशात बीड जिल्ह्यातील क्रीडाविषयक नोंदींच्या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील क्रीडा-संस्थांनी केलेल्या लेखनकार्याचे स्वरूप तपासणे.
२) अमेरिकेतील बेसबॉल-इतिहासाच्या मंडळाच्या कार्यपद्धतीचा परिचय करून घेणे.
३) बीड जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासाची संभाव्य साधने व त्यांतील उणिवा यांचा शोध घेणे.

सदर लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

महाराष्ट्रातील क्रीडा-संस्था व लेखन :

विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रातील क्रीडा-संस्थांनी देशी खेळांना नियमबद्ध करण्याचे मोठे कार्य केले. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने देशी खेळांच्या स्पर्धांना चालना दिली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. याच काळात द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध झाला. एका भारतीय भाषेत व्यायाम व खेळ यांविषयी इतका विस्तृत ग्रंथप्रकल्प सिद्ध व्हावा, ही मराठी ज्ञानपरंपरेतील अभिमानाची बाब आहे.

तथापि या कार्याची दिशा लक्षात घेणे आवश्यक आहे. या संस्थांचा भर खेळ कसा खेळावा, यावर होता. तो कोणी, कोठे व कोणत्या परिस्थितीत खेळला, यावर नव्हता. नियमपुस्तिकेत खेळ असतो, खेळाडू नसतो. शिवाय खेळाचे प्राचीनत्व सिद्ध करण्याच्या उत्साहात महाभारतातील प्रसंगांशी कबड्डी वा खो-खो यांचे नाते जोडण्याची प्रथा पडली आणि पुढील अनेक पाठ्यपुस्तकांनी ती पुराव्याची विचारणा न करता स्वीकारली. उगमाच्या कथांनी खेळाडूंच्या इतिहासाची जागा घेतली.

बेसबॉलच्या इतिहासाचे मंडळ – एक तुलना :

उगमकथेचा हा मोह केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. बेसबॉल हा खेळ कोठून आला, याचा निर्णय करण्यासाठी अमेरिकेत १९०५ साली मिल्स आयोग नेमण्यात आला. अॅबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या गावी हा खेळ निर्माण केला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तो मुख्यतः एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीवर आधारलेला होता. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात विद्यार्थी होते, ही गोष्ट पुढे निदर्शनास आली आणि ही कथा अभ्यासकांनी अमान्य केली. तोपर्यंत कूपर्सटाऊन येथे १९३९ मध्ये बेसबॉलचे राष्ट्रीय स्मृतिदालन उभे राहिलेले होते.

त्याच स्मृतिदालनाच्या ग्रंथालयात १० ऑगस्ट १९७१ रोजी रॉबर्ट डेव्हिड्स यांच्या पुढाकाराने सोळा जण एकत्र आले व त्यांनी 'सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च' ही संस्था स्थापन केली. सभासद होण्यासाठी पदवीची किंवा पूर्वी खेळाडू असण्याची अट नव्हती. आज या संस्थेच्या स्थानिक शाखा अनेक शहरांत आहेत. शाखेच्या बैठकीत कोणी जुन्या सामन्यावर टिपण वाचतो, कोणी जुन्या खेळाडूला बोलते करतो, तर कोणी एखाद्या विस्मृत मैदानाची जागा नकाशावर निश्चित करतो. संस्थेच्या चरित्र समितीने विस्मृत खेळाडूंच्या जन्म-मृत्यूच्या तारखा शोधण्याचे काम चिकाटीने केले आहे. या कामाचे स्वरूप राजवाडे यांच्या परंपरेतील संशोधकाला अपरिचित वाटणार नाही.

या मंडळाच्या कार्याचे खरे महत्त्व कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संदर्भात दिसून येते. १९४७ पर्यंत प्रमुख स्पर्धांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. त्यामुळे त्यांनी स्वतःचे स्वतंत्र संघ व स्पर्धा उभ्या केल्या होत्या. त्यांचे आकडे अधिकृत ग्रंथांत नव्हते. ते होते कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्रांत, विखुरलेल्या अवस्थेत. हौशी संशोधकांनी 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरिअर' यांसारख्या वृत्तपत्रांतून एकेक धावफलक वेचून काढला. काहींनी या खेळाडूंच्या नामफलक नसलेल्या कबरी शोधून त्यांवर शिळा बसविल्या. या उपक्रमाची सुरुवात एका भूलतज्ज्ञ डॉक्टरने केली होती. अखेर डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक संघटनेने १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या सात स्पर्धांना प्रमुख दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये सुमारे २,३०० खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट केले. त्यामुळे टाय कॉब यांची ०.३६७ ही सर्वोच्च मानलेली फलंदाजीची सरासरी मागे पडून जॉश गिब्सन यांची ०.३७२ ही सरासरी प्रथम क्रमांकावर आली. गिब्सन यांचे निधन १९४७ मध्येच झाले होते. मृत्यूनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्यांना ही मान्यता मिळाली, ती कागद शोधणाऱ्या हौशी अभ्यासकांच्या श्रमांमुळे.

पाळवणकर बंधूंचे उदाहरण :

महाराष्ट्रात या प्रकारचे उदाहरण पाळवणकर बंधूंचे आहे. चांभार समाजात जन्मलेल्या पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. मैदानावर एकत्र खेळायचे आणि चहाच्या वेळी मात्र वेगळे भांडे, हा अनुभव धावफलकात नोंदविला जात नाही. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक दशकांनंतर, २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी ग्रंथाने या बंधूंची कथा व्यापक वाचकवर्गासमोर आणली. बाळू यांचे बळी वृत्तपत्रांमुळे टिकले. त्या बळींमागील सामाजिक वास्तव समजण्यासाठी भावाने लिहून ठेवलेले पुस्तक उपयोगी पडले. यावरून आकडे व आठवणी ही दोन्ही साधने परस्परपूरक असल्याचे स्पष्ट होते.

बीड जिल्हा – नोंदीबाहेरचे मैदान :

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. पुणे, मुंबई, बडोदा येथे क्रीडा-संस्था नियम व कोश तयार करीत असताना येथील सार्वजनिक जीवनावर संस्थानी राजवटीची बंधने होती. संस्थानात खेळ नव्हता असे नाही. १९३० च्या दशकात सिकंदराबाद येथे मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली आणि हैदराबादने १९३७-३८ चा रणजी करंडक जिंकला. परंतु हा इतिहास राजधानीचा होय. जिल्ह्यांच्या तालमी व मैदाने त्यात अभावानेच दिसतात.

राज्य बदलले की दप्तरांची घरे बदलतात. संस्थानी काळातील प्रशासकीय कागद मुख्यतः उर्दूत व हैदराबादेत, त्यानंतरचे मराठी-इंग्रजीत व मुंबईत किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे, अशी ही विभागणी आहे. अंबाजोगाईचेच उदाहरण घेता येईल. पूर्वी मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी घोडदळाची छावणी होती. या छावणीतील खेळांचा स्थानिक तरुणांवर काही परिणाम झाला काय, हा प्रश्न अद्याप अभ्यासकाची वाट पाहत आहे.

अलीकडच्या काळातील तीन नावे या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट करतात. १९७२ मध्ये बीड येथे जन्मलेले संजय बांगर भारतासाठी कसोटी क्रिकेट खेळले व २००२ च्या लीड्स कसोटीत सलामीला येऊन त्यांनी ६८ धावांची मोलाची खेळी केली. परंतु देशांतर्गत क्रिकेटमधील त्यांची कारकीर्द रेल्वेच्या नावे नोंदलेली आहे. पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक व २०१९ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले; त्यांची जडणघडण पुण्याच्या तालमीत झाली. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यदलातील महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यानंतर धावपटू म्हणून पुढे आले. २०१८ मध्ये त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीतील गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळेसह रौप्यपदक मिळविले आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले.

या तिघांच्या कर्तृत्वाची नोंद झाली ती रेल्वे, पुण्याची तालीम व सैन्यदल यांमुळे. जिल्ह्याने खेळाडू दिला. नोंद मात्र जिल्ह्याबाहेर झाली. मग जे बाहेर गेले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. जत्रेतील फडात शेवटची कुस्ती मारणारा मल्ल, तालुका पातळीवर पहिली येणारी मुलगी, गावच्या संघाची वीस वर्षे चढाई सांभाळणारा शेतमजूर यांच्या कर्तृत्वाला गावाच्या स्मरणाखेरीज दुसरा आधार नाही.

यात सामाजिक विषमतेचाही भाग आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. दसऱ्यानंतर आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या वाटेला लागलेल्या मुलाचे नाव हिवाळ्यातील शालेय स्पर्धांच्या यादीत आढळण्याची शक्यता कमी असते. म्हणजे या याद्या उपलब्ध झाल्या तरी त्या संपूर्ण जिल्ह्याच्या नसून गावी राहू शकलेल्यांच्या आहेत, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकेत वर्णाने जे केले, ते येथे काही अंशी दारिद्र्याने व जातीने केले. कोण खेळले हे ज्याप्रमाणे नोंदीवरून कळते, त्याप्रमाणे कोणाला खेळता आले नाही हेही नोंदीतील रिकाम्या जागांवरून वाचावे लागते.

साधने व कार्याची दिशा :

अशा इतिहासाची साधने अगदीच अनुपलब्ध नाहीत. शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक नियतकालिकांतील क्रीडा-वृत्तांत व छायाचित्रे, जिमखाना विभागाची साहित्य-नोंदवही, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या संघयाद्या, यात्रा समित्यांची कुस्त्यांची हस्तपत्रके व इनामाचे हिशेब, स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक आणि वृद्ध खेळाडूंच्या मुलाखती ही त्यांपैकी काही होत. यातील बहुतेक साधने रद्दीत जाण्याच्या मार्गावर असतात. कारण त्यांना 'ऐतिहासिक' समजले जात नाही. जिमखान्याचे कपाट रिकामे करताना ढाल ठेवली जाते व वही टाकली जाते. वास्तविक ढालीवर केवळ संघाचे नाव असते. खेळाडूंची नावे वहीत असतात.

या कामी महाविद्यालयातील इतिहास व शारीरिक शिक्षण हे दोन विभाग एकत्र येऊ शकतात. पहिल्याकडे साधनांची चिकित्सा करण्याची पद्धत आहे, दुसऱ्याकडे खेळाडूंशी असलेला जिव्हाळा आहे. गावातील निवृत्त शिक्षक, पंच, वस्ताद व ग्रंथपाल यांना सामावून घेणारे छोटे मंडळ महिन्यातून एकदा भरले, प्रत्येक बैठकीत एका खेळाडूची चिकित्सापूर्वक नोंद झाली, तरी काही वर्षांत जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासाचा पाया घातला जाईल. मात्र मंडळाने गौरवाची घाई टाळली पाहिजे. आठवणीत सांगितलेली तारीख पत्रकाशी व पत्रकातील निकाल वृत्तपत्राशी पडताळून पाहिल्याशिवाय नोंद कायम करू नये. अन्यथा प्रत्येक गावात एकेक डबलडे निर्माण होण्याचा धोका आहे.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील क्रीडा-संस्थांनी देशी खेळांना नियम व शास्त्र दिले, खेळाडूंच्या इतिहासाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले.

२) हौशी मंडळांनी पद्धतशीर काम केल्यास अधिकृत इतिहासात बदल घडू शकतो, हे बेसबॉलच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

३) बीडसारख्या जिल्ह्यात राज्यांतर, स्थलांतर व संस्थात्मक दुर्बलता यांमुळे खेळाडू जिल्ह्याचा व नोंद बाहेरची अशी स्थिती निर्माण झाली आहे.

४) साधने नष्ट होत असल्याने हे काम पुढील पिढीवर सोपविता येणार नाही. १९५० व १९६० च्या दशकांतील मैदाने प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आज वार्धक्यात आहे. त्यांच्या तोंडून जे ऐकावयाचे, ते आताच ऐकून लिहून ठेवले पाहिजे.