आकसणाऱ्या कणांचा माग

साल १९८०. ऑक्सफर्डच्या साउथ पार्क्स रोडवरच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. टेबलावर काळी भुकटी आहे, लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची. टोकियोहून आलेले कोइची मिझुशिमा सेलच्या तारा जोडतायत. साठीकडे झुकलेल्या जॉन गुडइनफ यांचा हिशेब सरळ आहे: गंधकाच्या संयुगात लिथियम बसवून जेवढे व्होल्ट मिळतात, त्याहून जास्त ऑक्साइडमध्ये मिळायला हवेत. गंधकाची वाट धरलेल्या विटिंगहॅम यांच्या टायटॅनियम सल्फाइडची मजल अडीच व्होल्टच्या आसपास संपली होती. इथे मीटर चारच्या घरात जातो.

मीटर राहू द्या, भुकटीच्या आत बघा. कोबाल्ट आणि ऑक्सिजनचे थर, त्यांच्यामध्ये लिथियम. सेल चार्ज होऊ लागला की लिथियम बाहेर पडतं, समोरासमोर आलेले ऑक्सिजनचे थर एकमेकांना दूर लोटतात आणि स्फटिक किंचित फुगतो. या खोलीत कुणाला त्याची फिकीर नाही, आणि ते बरोबरच आहे. भोवती द्रव आहे. कण फुगला तर द्रव सरकतो, आकसला तर फटीत शिरतो. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली बॅटरी याच द्रवाच्या भरवशावर चालली. पण हा द्रव पेट घेणारा. तो काढून जागी घन पदार्थ बसवायचा म्हटलं, की कणाचं फुगणं-आकसणं एकदम मोठा प्रश्न होऊन बसतं.

आता २००७, जपानमधलं त्सुकुबा. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मटेरिअल्स सायन्स या संस्थेत तुमचे हात ग्लव्हबॉक्सच्या जाड रबरी हातमोज्यांत आहेत. आत आर्गॉन भरलाय, कारण समोरच्या, द्रवाची जागा घेणाऱ्या सल्फाइड इलेक्ट्रोलाइटला दमट हवा लागली तर हायड्रोजन सल्फाइड सुटेल, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. हे सल्फाइड घन असूनही त्यातून लिथियम सहज धावतं. मात्र ऑक्साइडच्या कणाला ते टेकलं, की सल्फाइडच्या कडेचं लिथियम ऑक्साइडकडे ओढलं जातं, तेवढी पट्टी लिथियमवाचून कोरडी पडते आणि तिथे वाट अडते, असं काझुनोरी ताकादा यांच्या गटाचं म्हणणं. उपाय म्हणून ते प्रत्येक कणावर लिथियम नायोबेटचा काही नॅनोमीटरचा लेप देतात. लेपातून लिथियम जातं, इलेक्ट्रॉन अडतात. सेलचा रोध झपाट्याने उतरतो. काम झालं, असं वाटून तुम्ही हातमोज्यांतून हात काढता.

पण जर्मनीतल्या गीसेनला गेल्याशिवाय तो निकाल देऊ नका. साल २०१७, युर्गेन यानेक यांची प्रयोगशाळा. कॅथोडमध्ये, म्हणजे ऑक्साइडच्या बाजूला, आता कोबाल्टऐवजी मुख्यतः निकेल आहे, धातूंमध्ये ऐंशी टक्के. त्याची भुकटी आणि सल्फाइडची भुकटी कालवून प्रेसमध्ये इतकी जोरात दाबतात, की हाती टणक चकती येते. तुम्ही ती चार्ज करता. मग सेल उघडून तिचा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता.

पडद्यावर काही मायक्रॉनचा गोल कण दिसतो, आणि त्याच्या कडेने एक काळी रेघ. ती सावली नव्हे, फट आहे. निकेलचं ऑक्साइड कोबाल्टच्या उलट वागतं. लिथियम बरंचसं निघून गेलं, साधारण ४.२ व्होल्टच्या आसपास, की थर एकमेकांवर बसतात आणि कण आकसतो. उन्हाळ्यात काळं रान जसं मुळांपासून सुटतं, तसा तो इलेक्ट्रोलाइटपासून सुटतो. फटीतून लिथियम जाऊ शकत नाही. उलट फेरीत कण पुन्हा फुगतो, पण सगळीकडे पूर्वीसारखा टेकत नाही. पहिल्याच फेरीत धारणक्षमतेचा लचका तुटतो. शिवाय जिथे स्पर्श टिकलाय तिथेही सल्फाइड हळूहळू जळतंच आहे. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे छायाचित्र. तोवर टिकाऊ कॅथोड हा रसायनाचा प्रश्न मानला जायचा. इथून तो आकारमानाचाही झाला.

सेल बाहेरून दाबून धरला तर फट मिटते. प्रयोगशाळेत ते जमतं, पण मोटारीत तेवढं पोलाद कोण वाहणार? सोलच्या हानयांग विद्यापीठात कणातले दाणे केंद्रापासून बाहेर अशा आऱ्यांच्या रचनेत लावतात, म्हणजे आकसताना कण फुटत तरी नाही. चांगलं काम आहे, पण आकसणं उरतंच.

म्हणून २०२२ चं योकोहामा. नाओआकी याबुउची यांच्या गटाने लिथियम, टायटॅनियम आणि व्हॅनेडियमचं ऑक्साइड घेतलंय. यात नीट थर नाहीत. मिठाच्या स्फटिकासारख्या चौकटीत धातू कसेही विखुरलेले. चार्जिंग सुरू होतं. लिथियम निघतं, चौकट आकसू पाहते. त्याच वेळी व्हॅनेडियमचे आयन आपली जागा सोडून शेजारच्या रिकाम्या, अरुंद जागेत शिरतात आणि चौकट ताणून धरतात. दोन्ही हालचाली एकमेकींना जवळजवळ पुरत्या छेद देतात. डिस्चार्जला व्हॅनेडियम घरी परततं. धातूने जागा सोडणं हा थरांच्या कॅथोडमधला वर्षानुवर्षांचा रोग. इथे तोच औषध ठरलाय. सल्फाइडच्या घन सेलमध्ये ग्रॅममागे ३०० मिलिअँपिअर-तास, आणि ४०० फेऱ्यांनंतरही घट नाही. तुम्ही आकडा पुन्हा वाचता, कारण गीसेनची ती रेघ अजून डोळ्यांसमोर आहे.

तरी याची किंमत मोजावी लागते. व्हॅनेडियमचे व्होल्ट निकेलपेक्षा बरेच कमी, त्यामुळे किलोमागे मिळणारी ऊर्जा ३०० या आकड्यावरून वाटते तेवढी पुढे जात नाही. आता हवाय तो जास्त व्होल्टचा धातू, जो वेळेवर जागा सोडेल आणि प्रत्येक फेरीत परतही येईल.